सूर्यप्रकाशाने पाण्याचे विघटन: प्रश्न इलेक्ट्रोडच्या थरांचा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

हरित हायड्रोजनविषयी आपल्या दैनिकात गेले काही महिने सातत्याने मजकूर येत आहे, त्याबद्दल आपले आभार मानले पाहिजेत. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली, २०३० पर्यंत वर्षाला किमान ५० लाख टन उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट ठेवले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही स्वतःचे धोरण मंजूर केले, हे आता वाचकांना जवळजवळ पाठ झाले असावे. याच ओघात ‘विजेशिवाय, केवळ उन्हाने पाण्यापासून हायड्रोजन’ अशा आशयाच्या बातम्याही अधूनमधून छापून येतात. त्या वाचून नाशिककर साहजिकच विचारतात की आपल्याकडे पावसाळा सोडला तर वर्षभर लख्ख ऊन आहे, गंगापूर धरण आहे, सातपूर-अंबडची कारखानदारी आहे, मग घोडे पेंड खाते कुठे? ते इलेक्ट्रोडमध्ये, म्हणजे द्रावणात बुडवलेल्या विद्युतअग्रात पेंड खाते, आणि तेही त्याच्या पृष्ठभागावरच्या जेमतेम अर्ध्या मायक्रॉनच्या जाडीत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). या अर्ध्या मायक्रॉनमध्ये कोणते थर, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या आकारात बसवावेत हाच या विषयातला खरा प्रश्न आहे आणि बातम्यांमधून नेमका तोच वगळला जातो, म्हणून हे पत्र.

आधी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आज ज्याला हरित हायड्रोजन म्हटले जाते तो बहुतेक ठिकाणी दोन टप्प्यांत तयार होतो. सौर पॅनेलवर किंवा पवनचक्कीवर वीज निर्माण करायची आणि ती इलेक्ट्रोलायझरला पुरवून पाण्याचे विघटन करायचे. या पद्धतीत एक किलो हायड्रोजनसाठी साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. दुसऱ्या पद्धतीत अर्धवाहकाचा (सेमीकंडक्टरचा) इलेक्ट्रोड थेट पाण्यात, म्हणजे योग्य क्षार मिसळलेल्या द्रावणात बुडवलेला असतो. तो स्वतःच प्रकाश शोषतो, त्यातून मोकळे झालेले विद्युतभार स्वतःच वेगळे करतो आणि आपल्याच पृष्ठभागावर पाण्याचे रेणू फोडतो. याला प्रकाशविद्युत-रासायनिक घट म्हणतात. यात पॅनेल, रूपांतरक आणि इलेक्ट्रोलायझर ही वेगवेगळी उपकरणे राहत नाहीत. शिवाय मोठ्या इलेक्ट्रोलायझरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला एक अँपिअरच्या घरात प्रवाह न्यावा लागतो, तर इथे सूर्यप्रकाशच विरळ असल्याने दहा मिलीअँपिअरच्या आसपास भागते. त्यामुळे प्लॅटिनम किंवा इरिडियमसारख्या महाग धातूंवाचून लोह, निकेल, कोबाल्ट यांच्या संयुगांवर काम चालू शकते. मला या मार्गाविषयी आस्था आहे ती याच कारणाने.

या विषयाची सुरुवात जपानमध्ये झाली. अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की टायटॅनियम डायऑक्साइडचा इलेक्ट्रोड प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडला जोडून त्यावर प्रकाश टाकला, तर पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन होते. पुढच्याच वर्षी जगावर तेलसंकट कोसळले आणि या प्रयोगाकडे सर्वांचे लक्ष गेले. पण टायटॅनियम डायऑक्साइडचा बँडगॅप, म्हणजे शोषला जाण्यासाठी प्रकाशकणात असावी लागणारी किमान ऊर्जा, ३ ते ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, म्हणून तो केवळ अतिनील किरणेच शोषू शकतो, आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेत अतिनील किरणांचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के असतो. पदार्थ टिकाऊ, स्वस्त, बिनविषारी, पण पंच्याण्णव टक्के उन्हाकडे पाठ फिरवणारा. गेल्या पन्नासहून अधिक वर्षांत या क्षेत्रात जे काही झाले आहे, ते बहुतांशी या एका उणिवेला दिलेले उत्तर आहे.

वरवर पाहता उत्तर सोपे वाटते: कमी बँडगॅपचा पदार्थ घ्यावा. पाण्याच्या विघटनाला किमान १.२३ व्होल्ट लागतात. प्रत्यक्षात अभिक्रियेचा अडसर आणि इतर तूट धरून १.६ ते १.८ व्होल्टपर्यंत जावे लागते. म्हणजे दोन इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास बँडगॅप असलेला, पाण्यात न विरघळणारा आणि स्वस्त असा पदार्थ सापडला की काम झाले असे कोणालाही वाटेल. असा पदार्थ आपल्या पायाखाली आहे. हेमॅटाइट म्हणजे लोहाचे ऑक्साइड, गंजाचा सख्खा भाऊ. त्याचा बँडगॅप सुमारे २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, तो ५९० नॅनोमीटरपर्यंतचा दृश्य प्रकाश शोषतो, अल्कधर्मी द्रावणात चांगला टिकतो, आणि शोषलेल्या प्रत्येक प्रकाशकणाचा उपयोग झाला तर त्याची कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्या सौरऊर्जेपैकी हायड्रोजनमध्ये साठलेला वाटा, १५ टक्क्यांच्या वर जायला हवी. तरीही हेमॅटाइटचे साधे सपाट थर व्यवहारात अगदी नगण्य प्रवाह देतात. याचे कारण समजून घेतले की नॅनोरचना आणि थर यांचा एवढा खटाटोप का करावा लागतो हे लक्षात येते.

प्रकाशकण शोषला गेला की अर्धवाहकात एक इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या वरच्या पट्ट्यात (वहनपट्ट्यात) जातो आणि त्याच्या जागी धनभारित होल उरते. इलेक्ट्रॉन मागच्या वाहक काचेकडे, म्हणजे जिच्यावर हा थर दिलेला असतो त्या वीज वाहणाऱ्या काचेकडे, आणि तिथून तारेने दुसऱ्या इलेक्ट्रोडकडे जायला हवा; होल पुढच्या पृष्ठभागावर येऊन पाण्याचे ऑक्सिडीकरण करायला हवे. हेमॅटाइटमध्ये होल पुन्हा एखाद्या इलेक्ट्रॉनला गाठून नष्ट होण्याआधी केवळ काही नॅनोमीटर सरकू शकते. मात्र त्याच हेमॅटाइटमध्ये हिरवा-पिवळा प्रकाश पुरेसा शोषला जाण्यासाठी कित्येक शे नॅनोमीटरची जाडी लागते. थर जाड केला तर प्रकाश पूर्ण शोषला जातो, पण खोलवर तयार झालेली होले पृष्ठभागापर्यंत पोहोचतच नाहीत. पातळ केला तर होले पोहोचतात, पण बहुतेक प्रकाश आरपार निघून जातो. सपाट थर कितीही काळजीपूर्वक बनवला तरी हा पेच सुटत नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या वाचकांना यावरचा उपाय कांदा चाळीवरून चटकन कळेल. चाळ लांबीला हवी तितकी वाढवतात, पण तिची रुंदी चार फुटांच्या आसपासच ठेवतात, कारण मधल्या कांद्याची ऊब आणि ओल बाजूच्या फटींतून बाहेर पडली पाहिजे. साठवणूक लांबीने वाढते आणि हवा रुंदीतून खेळते. नॅनोकांड्यांच्या इलेक्ट्रोडमध्ये हीच युक्ती आहे. वाहक काचेवर उभ्या वाढवलेल्या, काही शे नॅनोमीटर लांब पण काही दशक नॅनोमीटर रुंद अशा कांड्यांमध्ये प्रकाश लांबीच्या दिशेने आत जातो आणि पूर्ण शोषला जातो, तर होल रुंदीच्या दिशेने, म्हणजे बाजूला, अगदी थोडे अंतर चालून द्रावणाला भेटते. प्रकाशाचा मार्ग आणि होलचा मार्ग एकमेकांना काटकोनात आणणे हे नॅनोरचनेचे मुख्य काम आहे. पृष्ठभागाचे क्षेत्रफळ वाढते हा फायदा बातम्यांमध्ये हटकून सांगितला जातो, परंतु तो दुय्यम आहे आणि काही वेळा तोटाही असतो, कारण पृष्ठभागावरचे दोष हेच इलेक्ट्रॉन आणि होल यांच्या पुनर्संयोगाचे, म्हणजे पुन्हा एकत्र येऊन नष्ट होण्याचे, ठिकाण असते.

इथून पुढे थरांचा विचार सुरू होतो. एकाच पदार्थाने प्रकाश शोषावा, भार वाहून न्यावा, ते वेगळे ठेवावेत, अभिक्रिया घडवावी आणि वर द्रावणात टिकूनही राहावे, ही अपेक्षाच अवाजवी आहे. त्यापेक्षा ही कामे वेगवेगळ्या पदार्थांत वाटून द्यावीत हे अधिक शहाणपणाचे. याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण म्हणजे टंगस्टन ऑक्साइड आणि बिस्मथ व्हॅनाडेट यांची जोडी. टंगस्टन ऑक्साइड इलेक्ट्रॉन चांगले वाहून नेते, पण त्याचा बँडगॅप २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास असल्याने ते निळ्याच्या पलीकडे फारसे काही शोषत नाही. बिस्मथ व्हॅनाडेट २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टमुळे हिरव्याच्या सुरुवातीपर्यंतचा प्रकाश शोषते, पण त्यात इलेक्ट्रॉन रखडतात. टंगस्टन ऑक्साइडच्या कांड्यांवर बिस्मथ व्हॅनाडेटचा पातळ लेप दिला की शोषणाचे काम लेप करतो, आणि त्याचा वहनपट्टा ऊर्जेने वरच्या पातळीवर असल्याने मोकळा झालेला इलेक्ट्रॉन आपोआप खालच्या पातळीवरच्या टंगस्टन ऑक्साइडमध्ये उतरून कांडीच्या गाभ्यातून काचेपर्यंत जातो. होलला मात्र तिकडे जाण्याचा मार्ग ऊर्जेच्या दृष्टीने बंद असतो, म्हणून ते बाहेरच्या पृष्ठभागाकडेच राहते. जपानमधील संशोधकांनी २०१५ मध्ये अशाच गाभा-आणि-कवच स्वरूपाच्या कांड्यांवर कोबाल्ट फॉस्फेटचा उत्प्रेरक बसवून दर चौरस सेंटिमीटरला ६.७२ मिलीअँपिअर प्रवाह मिळवला. बिस्मथ व्हॅनाडेटची सैद्धांतिक कमाल सुमारे ७.५ मिलीअँपिअर आहे हे लक्षात घेतले, तर शोषण आणि भारवहन यांचा प्रश्न या जोडीपुरता जवळजवळ सुटला आहे असे म्हणावे लागते. अर्थात तो प्रवाह बाहेरून विद्युतदाब देऊन मोजला होता; त्याच इलेक्ट्रोडला सौरघटाची जोड दिल्यावर, बाहेरची वीज न घेता मिळालेली कार्यक्षमता ८.१ टक्के होती.

बाहेरून दाब का द्यावा लागतो, हेही इथेच सांगतो. हेमॅटाइट किंवा बिस्मथ व्हॅनाडेटमधला इलेक्ट्रॉन हायड्रोजन मोकळा करण्याइतक्या ऊर्जेचा नसतो. त्याची पातळी थोडी खाली पडते. ही तूट बॅटरीने भरून काढता येते, पण मग ‘केवळ उन्हाने’ हे शब्द खोटे ठरतात. खरा उपाय म्हणजे समोरच्या अर्धवाहकातून पार झालेला तांबडा आणि अवरक्त प्रकाश त्याच्या मागे ठेवलेल्या दुसऱ्या, कमी बँडगॅपच्या शोषकाने टिपावा आणि त्याने निर्माण केलेला दाब पहिल्याच्या दाबात मिळवावा. म्हणजे पुन्हा थर, फक्त मोठ्या मापाचे.

मला सर्वांत रंजक वाटतो तो अगदी वरचा, द्रावणाला भिडणारा थर. पाण्यापासून ऑक्सिजनचा एक रेणू बनवायला चार होले लागतात, आणि ती एकामागून एक जमून यावी लागतात. पृष्ठभागावर ही प्रक्रिया मिलीसेकंद ते सेकंद इतका वेळ घेते, तर अर्धवाहकाच्या आत इलेक्ट्रॉन आणि होल यांचा पुनर्संयोग पिकोसेकंदांपासून मायक्रोसेकंदांपर्यंतच्या काळात उरकलेला असतो. इतक्या विषम शर्यतीत होल जिंकायचे असेल, तर पृष्ठभागावर आल्याबरोबर त्याला सामावून घेणारे काहीतरी हवे. हे काम उत्प्रेरकाचा थर करतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत डॅनियल नोसेरा आणि मॅथ्यू कनान यांनी २००८ मध्ये कोबाल्ट आणि फॉस्फेट यांच्या साध्या द्रावणातून विद्युतविलेपनाने (प्लेटिंगने) मिळणारा असा उत्प्रेरक दाखवला, आणि तो पुढे हेमॅटाइटपासून बिस्मथ व्हॅनाडेटपर्यंत अनेक पदार्थांवर बसवला गेला. २०१४ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील क्योंग-शिन चोई आणि त्यांच्या सहकाऱ्याने एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी सच्छिद्र बिस्मथ व्हॅनाडेटवर आधी लोहाच्या आणि मग निकेलच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडचा थर दिला, कारण लोहाचा थर अर्धवाहकाशी चांगला जुळतो आणि त्या सीमेवरचा पुनर्संयोग कमी करतो, तर निकेलचा थर द्रावणाच्या बाजूला अधिक अनुकूल ठरतो. दोन्ही उत्प्रेरकच, पण एकाचे काम आत आणि दुसऱ्याचे बाहेर. थरांच्या क्रमाला किती अर्थ असतो याचे याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. हेमॅटाइटवर अॅल्युमिनियम ऑक्साइडचा अगदी विरळ लेप दिल्याने पृष्ठभागावरचे दोष झाकले जाऊन लागणारा दाब कमी होतो, हेही याच प्रकारचे निरीक्षण. तो लेप स्वतः काहीच घडवत नाही, फक्त नुकसान थांबवतो.

टिकाऊपणाविषयी थोडक्यात. अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेतील ऑस्कर खासेलेव्ह आणि जॉन टर्नर यांनी १९९८ मध्येच गॅलियमच्या संयुगांचे दोन शोषक एकावर एक बसवून १२.४ टक्के कार्यक्षमता गाठली होती. मग इतक्या वर्षांत ते बाजारात का आले नाही? पदार्थ महाग होते, आणि द्रावणात त्यांचे आयुष्य तासांत मोजावे लागत होते. सिलिकॉनचीही तीच गत: पाण्यात त्याच्यावर ऑक्साइडची विद्युतरोधक साय धरते आणि प्रवाह थांबतो. यावर कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१४ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचा अस्फटिकी थर अणूंच्या एकेका पदराने चढवून सिलिकॉनला द्रावणापासून झाकले, आणि तो थर होले आरपार जाऊ देईल असाही ठेवला. ज्या पदार्थाला आपण प्रकाश शोषत नाही म्हणून बाजूला सारले होते, तोच संरक्षक कवच म्हणून परत आला.

इथे एक नापसंती नोंदवतो. प्रत्येक नवा थर म्हणजे एक नवी सीमा, आणि प्रत्येक सीमेवर दोष, ताण आणि पुनर्संयोग यांना नवी जागा मिळते. अलीकडे चार, पाच, सहा थरांच्या इलेक्ट्रोडवरचे शोधनिबंध सतत प्रसिद्ध होतात. त्यांपैकी काहींत कोणता थर नेमके कोणते काम करतो हे वेगळे करून दाखवलेलेच नसते, एकूण प्रवाह वाढला एवढेच सांगितले जाते. एखादा थर काढून टाकल्यावर काय होते हा प्रयोग ज्या निबंधात नाही, तो मी तरी अर्धवट मानतो. थर वाढवणे सोपे आहे. त्यांतला अनावश्यक थर ओळखणे अवघड आहे, आणि प्रगती त्या दुसऱ्या कामातूनच अधिक होईल असे मला वाटते.

आता बातम्यांतील आकड्यांकडे वळतो, कारण वाचकांची दिशाभूल तिथे होते. ‘प्रवाह तिप्पट झाला’ असे वाक्य वाचले की आधी विचारावे, बाहेरून किती दाब दिला होता? दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ८.१ मिलीअँपिअर म्हणजे दहा टक्के कार्यक्षमता हे गणित बरोबर आहे, पण ते बाहेरचा दाब शून्य असतानाच लागू पडते. दुसरे, द्रावणात केवळ पाणी आणि क्षार होते की सल्फाइट किंवा मिथेनॉलसारखा सहज ऑक्सिडीकरण होणारा पदार्थ मिसळला होता? असा पदार्थ मिसळून मोजणे अभ्यासाच्या दृष्टीने उपयुक्त असते, परंतु ते पाण्याचे विघटन नव्हे. मग क्षेत्रफळ: प्रयोगशाळेतील बहुसंख्य इलेक्ट्रोड एका चौरस सेंटिमीटरच्या आसपासचे असतात, आणि तेवढ्यावर जे साधते ते तळहाताएवढ्या काचेवर साधत नाही, कारण वाहक काचेचा स्वतःचा रोध आडवा येतो. आणि शेवटी, वायू प्रत्यक्ष मोजला का? तारेतून वाहणारा प्रवाह म्हणजे हायड्रोजन असे गृहीत धरणे धोक्याचे आहे, कारण त्यातला काही भाग इलेक्ट्रोड स्वतः झिजण्यातही खर्च होत असतो. वायुवर्णलेखकावर, म्हणजे मिश्रणातले वायू वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणावर, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे प्रमाण दोनास एक असे आले, तरच विघटन झाले म्हणावे.

मोठ्या क्षेत्रफळावरचा प्रयोग झालेलाच नाही असे मात्र नाही. जपानमध्ये काझुनारी डोमेन आणि सहकाऱ्यांनी १०० चौरस मीटरची यंत्रणा उघड्यावर अनेक महिने चालवून २०२१ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध केला. ती इलेक्ट्रोडची नव्हती, तर काचेवर पसरलेल्या प्रकाश-उत्प्रेरक भुकटीची होती, आणि तिची कमाल कार्यक्षमता ०.७६ टक्के होती. आकडा लहान आहे, पण तो उन्हातला, बाहेरच्या विजेविना मिळालेला आणि मोठ्या क्षेत्रफळाचा आहे; प्रयोगशाळेतल्या कित्येक मोठ्या आकड्यांपेक्षा मला त्याचे मोल अधिक वाटते. तिथे हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्रच बाहेर पडतात आणि नंतर पडद्याने वेगळे करावे लागतात. इलेक्ट्रोडच्या घटात ते मुळातच दोन वेगळ्या बाजूंना तयार होतात, हा सुरक्षिततेच्या दृष्टीने त्याचा मोठा लाभ.

हेच हिशेब नाशिकला लावून पाहू. आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दर चौरस मीटरला दिवसाकाठी पाच युनिटच्या आसपास सौरऊर्जा पडते असे धरले आणि घटाची कार्यक्षमता दहा टक्के मानली, तर एका चौरस मीटरमधून दिवसाला साधारण १५ ग्रॅम हायड्रोजन मिळेल. म्हणजे रोज एक किलोसाठी ६५ ते ७० चौरस मीटर, एका मध्यम सदनिकेएवढे क्षेत्र. एक हेक्टरमधून दीडशे किलो. एक टन अमोनियाला सुमारे १७७ किलो हायड्रोजन लागतो, त्यामुळे एका हेक्टरमधून दिवसाला पाऊण टनाहून थोडा अधिक, साधारण ८५० किलो अमोनिया निघेल. द्राक्ष आणि कांद्याच्या या जिल्ह्यात खताच्या भाषेत बोललेले अधिक पोहोचते म्हणून हे उदाहरण. कार्यक्षमता एक टक्का असेल तर हेच क्षेत्र दसपट लागेल, आणि सौर पॅनेल व इलेक्ट्रोलायझर यांची आजची जोडी बारा-तेरा टक्क्यांपर्यंत सहज जाते हेही विसरता कामा नये. थेट पद्धतीला तिच्याशी स्पर्धा करायची आहे. पाण्याची भीती मात्र काहीशी अनाठायी आहे. एक किलो हायड्रोजनला अभिक्रियेपुरते नऊ लिटर पाणी लागते, म्हणजे त्या हेक्टरला दिवसाला सुमारे १,३५० लिटर. शुद्धीकरणात वाया जाणारे पाणी धरून ते वाढेल, तरी प्रमाण शेतीच्या मानाने फार थोडे आहे. खरी अडचण पाण्याच्या शुद्धतेची आहे: कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार इलेक्ट्रोडवर साचतात आणि क्लोराइडमुळे ऑक्सिजनऐवजी क्लोरीन सुटू शकतो, म्हणून नळाचे किंवा विहिरीचे पाणी जसेच्या तसे वापरता येत नाही.

या कामात नाशिकला काय करता येईल? मोठ्या संस्थांची बरोबरी करण्याचा आव आणण्याची गरज नाही. हेमॅटाइटच्या कांड्या वाढवण्यासाठी लोह क्लोराइडचे द्रावण, टेफ्लॉनचे अस्तर असलेले पोलादी भांडे, शंभर अंशांच्या आसपास तापणारी ओव्हन आणि नंतर साडेपाचशे ते आठशे अंशांपर्यंत जाणारी भट्टी एवढे पुरते. पिवळसर दिसणारा थर भट्टीतून तांबडा होऊन बाहेर येतो. हे जिल्ह्यातील कोणत्याही पदव्युत्तर रसायनशास्त्र किंवा पदार्थविज्ञान विभागाच्या आवाक्यात आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात फवाऱ्याने पातळ थर देण्याच्या तंत्रावर अनेक वर्षे काम झाले आहे, आणि ते साध्या साधनांनी उभे राहिले आहे, हा दाखला आपल्यासमोर आहे. दुसरीकडे अंबड आणि सातपूरला प्लेटिंग करणारे छोटे कारखानदार आहेत. जिगवर टांगलेल्या जॉबच्या कडांवर थर जाड बसतो आणि खोलगट भागात पातळ राहतो, बाथमधली अशुद्धी कशी नडते, प्रवाह किती ठेवला की थर जळतो, हे त्यांना जितके ठाऊक आहे तितके विद्यापीठातल्या संशोधकाला क्वचितच असते. लोह आणि निकेलच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडचा थर विद्युतविलेपनानेच चढतो. एका चौरस सेंटिमीटरवरून एका चौरस फुटावर जाण्याचा प्रश्न हा या लोकांचा प्रश्न आहे, आणि त्यांना कोणी तो विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

उणीव आहे ती मोजमापाची. प्रमाणित सौरदीप (सूर्यप्रकाशासारखा प्रकाश देणारा दिवा), पोटेन्शिओस्टॅट (ठरावीक दाब देऊन प्रवाह मोजणारे यंत्र) आणि वायुवर्णलेखक ही तीन साधने एका ठिकाणी, चालू स्थितीत आणि कोणत्याही महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला वेळ ठरवून वापरता येतील अशी मिळणे आज कठीण आहे. एका महाविद्यालयात मी असे उपकरण सुटे भाग मिळत नाहीत म्हणून झाकून ठेवलेले पाहिले आहे. प्रत्येक संस्थेने ती स्वतंत्रपणे विकत घेण्यापेक्षा जिल्ह्यात एक सामायिक मापनकेंद्र असावे, त्याच्या देखभालीसाठी वार्षिक तरतूद असावी आणि औद्योगिक वसाहतींनाही ते शुल्क भरून खुले असावे. राज्याच्या हरित हायड्रोजन धोरणात मोठ्या प्रकल्पांसाठी सवलती आहेत. अशा केंद्रासाठी त्या मानाने फार थोडा पैसा लागेल. आपल्या दैनिकाने या मागणीचा जिल्हा प्रशासन आणि विद्यापीठ यांच्याकडे पाठपुरावा करावा, आणि यापुढे या विषयावरची बातमी छापताना बाहेरून दिलेला दाब, इलेक्ट्रोडचे क्षेत्रफळ, किती तास तो चालला आणि वायू मोजला की नाही, हे चार तपशील बातमीदारांनी संशोधकांकडून मागून घ्यावेत, ही विनंती.

आपला विश्वासू,
पदार्थविज्ञानाचा एक निवृत्त अध्यापक,
कॉलेज रोड, नाशिक